हात न टेकता

मोठीमाय, म्हणजे माझी थोरली चुलती, जमिनीवरून कशी उठते, हे मी सहा वर्षं बघत होते. आधी उजवा हात भुईला टेकवायचा, मग कुशीवर वळायचं, मग भिंतीचा कोपरा धरून एक गुडघा, थोडं थांबून दुसरा, आणि मग स्वतःच्याच मांडीवर तळहात रोवत रोवत वर. कंबर सरळ होताना तोंडातून "माय वं" निघायचं. घरातली बारकी लेकरं खेळता खेळता तिच्यासारखीच मांडीवर हात रोवून उठायची, आणि कुणीतरी त्यांना दटावायचं. तेवढ्यावर तो विषय संपायचा.

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वर्षातून एक तास ड जीवनसत्त्वाचा असतो. ऊन कातडीवर पडलं की काय होतं, तिथून यकृत, यकृतातून मूत्रपिंड, आणि मग आतड्यातून कॅल्शियम कसं शोषलं जातं. मुलांत मुडदूस, मोठ्यांत अस्थिमृदुता. "प्रौढांची हाडं मऊ पडतात, कंबर-मांड्यांचे स्नायू कमजोर होतात, बसलेल्या माणसाला उठताना त्रास होतो," हे वाक्य मी फळ्यावर लिहून देत आले. ज्या वर्षांत लिहून देत होते, त्याच वर्षांत औसा तालुक्यातल्या आमच्या घरी मोठीमाय भिंत धरून उठत होती. फळा आणि भिंत माझ्या डोक्यात कधी शेजारी आले नाहीत. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि हा लेख त्यातूनच लिहिते आहे.

ड जीवनसत्त्वाकडे माझं लक्ष गेलं ते माझ्या स्वतःच्या रिपोर्टमुळे. २०२२ साली कॉलेजात तपासणी शिबिर झालं. एकाच रक्तात साठ-पासष्ट तपासण्यांचं पॅकेज. मला काहीही होत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे तास घेऊन उतरत होते, चढत होते. रिपोर्ट आला तो मोबाइलवर. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे रक्तातलं ड जीवनसत्त्व: १३.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. पुढे तांबड्या अक्षरांत 'कमतरता'. त्या रात्री माझी पाठ दुखायला लागली. खरंच दुखली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाराजणांपैकी दहाजणांच्या मोबाइलवर तेच तांबडं अक्षर होतं आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे दुखत होतं.

मग वाचायला बसले, आणि ज्या तांबड्या अक्षराने घाबरवलं होतं त्यामागचा हिशेब कळला. २०१० च्या शेवटी अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं होतं की २० ची पातळी जवळजवळ सगळ्या माणसांच्या हाडांना पुरते. 'जवळजवळ सगळ्या' म्हणजे ज्यांची गरज सगळ्यात जास्त त्यांनाही धरून. मधल्या माणसाची गरज त्यांच्याच हिशेबाने १६ च्या आसपास. म्हणजे २० च्या खाली आलेला प्रत्येक जण आजारी, असा त्या आकड्याचा अर्थच नव्हता. पुढच्याच वर्षी, २०११ साली, एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ अपुरं, ३० च्या वर पुरेसं, अशी पट्टी आखली. लॅबच्या कागदांवर तीच पट्टी बसली. एकाच माणसाचं २२ एका कागदावर ठीक, दुसऱ्यावर अपुरं. त्यात भर म्हणजे लॅब बदलली, यंत्र बदललं, की त्याच रक्ताचा आकडाही थोडा मागेपुढे होतो. म्हणून परत तपासायचं तर त्याच ठिकाणी तपासावं.

जून २०२४ मध्ये त्याच एंडोक्राइन सोसायटीने आपली ३० ची रेघ मागे घेतली, आणि धडधाकट प्रौढांची ही तपासणी सरसकट करू नका असं सांगितलं. लहान मुलं, गरोदर बाया, पंचाहत्तरीच्या पुढची माणसं आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले यांना तपासणी न करताही थोडं ड जीवनसत्त्व द्यायला त्यांची हरकत नाही. मला हे ऐकून हायसं वाटलं. माझे १३.४ मी काही वाऱ्यावर सोडले नाहीत. डॉक्टरांना विचारून आठ आठवडे औषध घेतलं, दुपारच्या सुट्टीत मैदानात बसायला लागले. पण पाठीचं दुखणं तर त्याआधीच, भीती गेली तेव्हाच गेलं होतं.

आता मोठीमायकडे येते.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वय अठ्ठावन्न. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे अंडं-मासळीचा प्रश्न नाही, आणि तसंही ड जीवनसत्त्व ज्यात जरा बऱ्यापैकी असतं ते पदार्थ तेवढेच. जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, कारळ्याची चटणी. घरात म्हैस आहे, पण दूध डेअरीला. हिच्या वाट्याला चहात पडेल तेवढंच. ज्वारी चांगलीच, पण तिच्यातलं फायटेट कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि ताटात कॅल्शियम कमी असलं की शरीर आपल्याजवळचं ड जीवनसत्त्व लवकर संपवतं. एकात एक अडकलेलं असतं सगळं.

तिच्या दुखण्याला सहा वर्षांत बरीच नावं मिळाली होती. वात. मणक्यात गॅप. सायटिका. एकदा कंबरेचा पट्टा आला, एकदा मालिशचं तेल. गावात आणि गावाबाहेर दुखण्याची इंजेक्शनं किती झाली त्याचा हिशेब नाही. इंजेक्शन झालं की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "वय झालंय," हे शेवटचं निदान. अठ्ठावन्नाव्या वर्षी. तिच्या सासूने सत्तरीत खळं सारवलेलं मी पाहिलं आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी तिला लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, ते खरं तर डोळ्यांसाठी. एसटीच्या पहिल्या पायरीवर तिला दोघांनी उचलून चढवलं. ती चालत होती तेव्हा तिच्या दोन्ही बाजू आळीपाळीने खाली जात होत्या, बदक चालतं तशा. डोळ्यांचं काम झाल्यावर मनात आलं म्हणून हाडांच्या ओपीडीची चिठ्ठी काढली. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने कागद बघितले नाहीत, आधी मोठीमायला बघितलं.

"मावशी, खाली उकिडवं बसा. आता हात न टेकता उठून दाखवा."

"हात न टेकता कसं उटावं माय?" मोठीमाय म्हणाली. "मांड्यांत जीवच न्हाई. दुखलालंय ते येगळंच."

डॉक्टरने तिला हात दिला, खुर्चीत बसवलं आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. मोठीमाय कळवळली. मग बरगडीवर. तिथेही. मग तिने विचारलं, "रोजची गोळी कोणती चालू आहे का?"

मोठीमायला वीस-बावीस वर्षांपूर्वी फिट यायच्या. तेव्हापासून फेनिटॉइनची गोळी चालू आहे. दर महिन्याला कोणीतरी औषधाच्या दुकानातून आणून देतं, ती रात्री गिळते. कुणालाही ते औषध आहे असं वाटेनासं झालं होतं, मीठ-मिरचीसारखं ते सामानाच्या यादीत गेलं होतं. डॉक्टरने पेन खाली ठेवला. फिटच्या काही जुन्या गोळ्या यकृताला जास्त कामाला लावतात आणि यकृत मग ड जीवनसत्त्वही भराभर मोडून टाकतं, हे तिने मला तिथेच सांगितलं. "आणि शेतात जाताना घालता काय?"

काय घालते? लुगडं, त्यावर मोठ्याबापूंचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून नाक-तोंड झाकून घेतलेला रुमाल. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला आमच्याकडे सगळ्याच बाया असंच जातात. ऊन लागू नये, अंगाला कूस टोचू नये म्हणून. उघडे राहतात ते डोळे आणि बोटं. आणि गेली सहा वर्षं तर तेही बंद होतं. मोठ्याबापूंच्या अर्ध्या अंगावरून वारं गेल्यापासून ती त्यांच्या खाटेजवळ, माळवदाच्या आतल्या खोलीत. त्या खोलीला एक झरोका आहे.

रक्त गेलं, एक्स-रे झाला. कॅल्शियम कमी, फॉस्फरस कमी, हाडं बिघडली की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज ४१२, म्हणजे बरंच जास्त, हाडांतून कॅल्शियम ओढून काढणारं पॅराथॉर्मोन वाढलेलं, आणि ड जीवनसत्त्व ५.१. एक्स-रे डॉक्टरने खिडकीला धरून दाखवला. मांडीच्या हाडाच्या मानेजवळ आणि जांघेच्या हाडावर दोन्ही बाजूंना एक-एक पुसट रेघ होती, आडवी, पेन्सिलने ओढून खोडरबराने अर्धी पुसल्यासारखी. लूझरच्या रेषा. पुस्तकात मी त्यांचं चित्र पाहिलं होतं. हाडात खनिज नीट न भरल्यामुळे तिथे चीर पडल्यासारखं होतं. त्या रेषा घेऊन ती सहा वर्षं मोठ्याबापूंना कुशीवर वळवत होती.

मला त्या खिडकीपाशी राग आला तो याचा. आमच्या स्टाफरूममधल्या बारा धडधाकट माणसांचं रक्त न मागता तपासलं गेलं. आणि जिचं दुखणं, जिची चाल, जिची गोळी, तिन्ही ओरडून सांगत होत्या, तिचं एकदाही नाही. आकडा स्वस्तात मिळायला लागला, पण तो ज्याला हवा त्याच्या दारापर्यंत जात नाही.

औषध म्हणून मिळाली ती ड जीवनसत्त्वाची पुडी. आठवड्याला एक, बारा आठवडे, पुढे महिन्याला एक, आणि रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या. नुसती पुडी देऊन भागत नाही, हाडात भरायला खनिजही लागतं. पहिली पुडी मी फोडली. एक ग्रॅमची बारीक पांढुरकी भुकटी, दुधात टाकली की तळाशी बसते, चमच्याने ढवळत राहावं लागतं. वर छापलेलं असतं ६०,००० युनिट. आकडा केवढा मोठा वाटतो, पण ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम. साठ हजारांचं औषध होतं दीड मिलिग्रॅम. बाकी सगळी साखर आणि इतर पूड. ते तेला-तुपात विरघळणारं, म्हणून जेवणाबरोबर किंवा दुधातून घ्यायचं, उपाशीपोटी पाण्याबरोबर नाही. आम्ही गुरुवार ठरवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर गुरुवारी पेनाने गोल केला. पुडी घेतली की गोलात फुली.

तिने विचारलं, "ह्ये कशाचं करत्यात? मला चालतंय का?"

मी खरं सांगितलं. या पुड्यांतलं ड जीवनसत्त्व बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट तेलापासून होतं. लोकर धुतली की ते निघतं, त्यातलं द्रव्य वेगळं करून त्यावर कारखान्यात अतिनील किरणांचे दिवे सोडतात. आपल्या कातडीत उन्हाने जे होतं तेच तिथे दिव्याने होतं. दगडफुलाच्या जातीपासून केलेलंही मिळतं, पण महाग.

"मेंढी मारत न्हाईत न्हवं?"

"नाही. कातरलेली लोकर."

"मंग चालतंय. घोंगड्यावर तर बसतावच की."

त्या फुल्यांविषयी थोडं जास्त सांगायला हवं. माझ्या एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांनी हीच पुडी आठवड्याऐवजी रोज घेतली, जवळजवळ दोन महिने. चिठ्ठीवरचं इंग्रजी कुणी समजावलं नाही, आणि ताकदीचं औषध जास्त घेतलं तर वाईट काय, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. मग त्यांना मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, रात्री चार-चारदा लघवीला उठणं. शेवटी बोलण्यात गोंधळ व्हायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या पुढे, म्हणजे धोक्याइतकं चढलेलं होतं, मूत्रपिंडावर ताण आलेला. सलाइनवर आठवडा काढला. पुडी बंद करूनही कॅल्शियम उतरायला कित्येक आठवडे लागले, कारण हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं, ब जीवनसत्त्वासारखं लघवीवाटे निघून जात नाही. ते वाचले. पण ब जीवनसत्त्वाची गोळी आणि ही पुडी एकाच डब्यात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला मला हे ओरडून सांगावंसं वाटतं.

तसंच ते सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन. 'एकदा टोचून घ्या, वर्षभर बघायला नको,' असं सांगणारे आपल्याकडे आहेत. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायांवर हे तपासून पाहिलं होतं, निष्कर्ष २०१० साली छापून आले. अर्ध्याजणींना वर्षातून एकदा तोंडाने पाच लाख युनिट दिले, अर्ध्याजणींना नुसती बिनऔषधाची गोळी. ज्यांना पाच लाख मिळाले त्या जास्त पडल्या, त्यांचीच हाडं जास्त मोडली. शरीराला रोजच्या उन्हाची सवय आहे. वर्षाचं ऊन एका दिवसात देऊन चालत नाही.

आणि धडधाकट माणसाने रोज घेतलं तर? अमेरिकेत २५,८७१ माणसांवर पाच वर्षांहून जास्त काळ हे बघितलं, रोज २,००० युनिट देऊन. कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही, हृदयविकाराचं घटलं नाही, हाडं मोडण्याचंही नाही. मात्र त्या माणसांची सुरुवातीची सरासरीच ३० च्या वर होती. भरलेल्या रांजणात आणखी घागर ओतली तर ती वाहूनच जाणार. मोठीमायचा रांजण तळाला लागलेला होता. धडधाकटांच्या अभ्यासावरून मोठीमायसारखीचं औषध बंद करू नये आणि मोठीमायच्या चमत्कारावरून धडधाकटांनी दुकान गाठू नये, एवढंच मी आता स्टाफरूममध्ये सांगत असते.

उन्हाबद्दल लोक मला नेहमी म्हणतात, "मॅडम, आपल्या मराठवाड्यात उन्हाला काय तोटा?" तोटा नाही. पण ड जीवनसत्त्व करणारे किरण आणि अंग भाजणारी धग या वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्य खाली असला की ते किरण हवेतच अडतात. म्हणून लहान बाळाला सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात धरतात ते छान वाटतं, पण त्यात हे किरण फारच थोडे. काचेतून तर ते येतच नाहीत. सोपी खूण सावलीची: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा तोकडी असेल तेव्हाच्या उन्हात काम होतं. लातूर साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीही भर दुपारी आपली सावली आपल्यापेक्षा थोडी तोकडीच असते. लंडनला हिवाळ्याचे कित्येक महिने असं ऊन मिळतच नाही. आपल्याकडे बारा महिने मिळतं आणि आपण ते शर्टाने, रुमालाने, माळवदाने आणि ट्यूशनच्या पत्र्याच्या हॉलने अडवतो. माझी कॉलेजातली मुलं सकाळी सहाला क्लासला जातात आणि रात्री ट्यूबलाइटखालून घरी येतात. ड जीवनसत्त्वाच्या प्रश्नाला चार पर्यायांतून ती बरोबर 'सूर्यप्रकाश' निवडतात. एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत दुपारी उभं राहा असं मी कुणालाच सांगणार नाही, उष्माघात खरा आहे. पण दिवाळीपासून होळीपर्यंत बाराच्या उन्हात हात-पाय उघडे टाकून बसायला काय हरकत आहे? सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढा द्यायचा.

मोठीमायची खाट झरोक्यापासून ओसरीत आली, मोठ्याबापूंची तिच्या शेजारी. फिटची गोळी डॉक्टरांनी तशीच चालू ठेवली, ती आपल्या मनाने बंद करायची नसते. तीन महिन्यांनी, मे महिन्यात, परत तपासलं. त्याच्या आत तपासण्यात अर्थ नसतो, रक्तातला हा आकडा सावकाश चढतो. ड जीवनसत्त्व ३४, कॅल्शियम जागेवर, अल्कलाइन फॉस्फटेज उतरायला लागलेलं पण अजून जास्त. हाडाला वेळ लागतो. मांड्यांत मात्र जीव आधी आला. सहाव्या-सातव्या फुलीच्या सुमारास तिचा फोन आला होता. "एकटीच एसटीत चढले," एवढंच म्हणाली, आणि मग म्हशीबद्दल बोलत बसली.

३० डिसेंबर २०२४ ला येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, होती. लातूरभर त्या दिवशी गावं रिकामी होतात, सगळे शेतात. आम्हीही गेलो. कडब्याची कोप, तिच्यात पांढरे केलेले पाच दगड, पाच पांडव म्हणून, भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदगीतलं, म्हणजे मडक्यातलं, आंबील. मोठ्याबापूंना ट्रॅक्टरमधून आणून बाभळीखाली बसवलं होतं. साडेबाराचं ऊन होतं, सावल्या उंचीपेक्षा जराशा तोकड्या. मोठीमायने शर्ट घातला नव्हता. नवं लुगडं, आखूड बाह्यांची चोळी, कोपरापासून खाली हात उघडे, हिरव्या बांगड्या.

पंगतीत कुणीतरी आंबील मागितलं. बिंदगी लांब, कोपीपाशी होती. मी उठायच्या आत ती उठली होती. उजवा हात भुईला लागला नाही. डावा मात्र गुडघ्यावर टेकला होता, मी नीट पाहिलं. तिने बिंदगी कडेवर घेतली, वाढत वाढत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "काय बगलालीस? वाटी पुढं कर की."